नाकाबंदीत गाडी थांबली, ठाण्यात बोलावलं : अशा वेळी आपले हक्क काय?

माझा एक जुना विद्यार्थी टेम्पो चालवतो. एका रात्री नाकाबंदीत त्याला थांबवलं, कागदपत्रं पाहिली आणि "दोन मिनिटं ठाण्यात चल" म्हणाले. तो गेला आणि नऊ तासांनी घरी आला. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. बाकावर बसवून ठेवलं, सकाळी जा म्हणाले. घरी अम्मी रात्रभर जागी, फोन बंद. नंतर त्याच्या अब्बांनी मला विचारलं, "सर, याची तक्रार करता येईल का?" मी विचारलं, कागद काय आहे? नोटीस? डायरीतली नोंद? सही कशावर घेतली? काहीच नव्हतं. म्हणजे कागदोपत्री ते नऊ तास घडलेच नाहीत.

कुठलं ठाणं, ते इथे महत्त्वाचं नाही. रस्त्यावर हुज्जत घालून हक्क मिळत नाही, तो कागदावर टिकतो. हे आपल्या मुलांना कुणी शिकवत नाही, म्हणून हा लेख.

आपल्याकडे नाकाबंदी का लागते?

वरसे म्हणजे रोह्याला खेटूनच. कोलाडला गेलं की मुंबई-गोवा हायवे, दुसरीकडे साळाव-मुरूडचा किनारा. रायगडला लांबलचक समुद्रकिनारा आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचा माल श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरवला गेला, तेव्हापासून या किनाऱ्यावर कायम नजर असते. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. जिल्हाभर नाकाबंदी लागली आणि गाड्या तपासल्या गेल्या. पुढे कळलं की ती परदेशी मालकाची बोट होती, ओमानच्या बाजूला बंद पडून वाहत आली होती. जुलै २०२५ मध्ये कोर्लई-रेवदंड्याच्या समुद्रात संशयित बोट दिसल्याच्या खबरेवर पुन्हा तीच धावपळ झाली.

अशा वेळी पोलिसांनी गाड्या थांबवणं चुकीचं नाही. ते त्यांचं काम आहे आणि थांबणं आपलं. पण "गाडी थांबवा", "डिकी उघडा" आणि "ठाण्यात चला" या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचे कायदे वेगळे आहेत. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे ओळखता आलं की अर्धी घबराहट तिथेच कमी होते.

आधी एक सूचना. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये अजून "कलम ४१-अ", "कलम १६०" असे जुने आकडे असतात. खाली दिलेले आकडे नव्या संहितेचे आहेत.

गाडी थांबवली

इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात दिसतील असे ठेवा. गणवेशातल्या पोलिसाने लायसन्स मागितलं तर दाखवावंच लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३० तसं सांगतं. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हेही लागतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात, केंद्रीय नियमांमध्ये तशी दुरुस्ती झालेली आहे. मात्र गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, ही चूक आपली मुलं हमखास करतात.

लायसन्स ताब्यात घेतलं तर त्याची पावती द्यावी लागते (कलम २०६). पावती नसेल तर नम्रपणे मागा. गाडीची चावी काढून घ्या असं या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी काढलीच तर हिसकावून परत घेऊ नका. सरकारी कामात अडथळा (भारतीय न्याय संहिता, कलम २२१) किंवा सरकारी नोकरावर बळाचा वापर (कलम १३२) असा गुन्हा लागला तर पाचशेच्या चलनाचं प्रकरण कोर्टकचेरीवर जातं. नाव, हुद्दा, वेळ, जागा लक्षात ठेवा आणि घरी आल्यावर लिहून काढा.

पालकांना शिक्षक म्हणून एक सांगतो, राग आला तरी चालेल. सोळा वर्षांचा मुलगा स्कूटर घेऊन ट्यूशनला येतो आणि अब्बा म्हणतात, "जवळच तर आहे." २०१९ च्या दुरुस्तीनंतर (कलम १९९-अ) अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. तिथे हक्काचं भांडण नसतंच. चूक आपली असते.

डिकी उघडा म्हणाले

"वॉरंटशिवाय पोलीस गाडी तपासूच शकत नाहीत" असा मेसेज फिरतो. तो खोटा आहे, त्यावर विसंबून रस्त्यावर उभं राहू नका. संहितेत "ठिकाण" या शब्दाच्या व्याख्येतच घर, इमारत, तंबू, जहाज यांच्यासोबत वाहनही आहे. कलम १८५ खाली तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येते. पण त्यासाठी एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू हवा आणि झडती का हवी याची कारणं त्याने लेखी नोंदवायला हवीत. ती नोंद ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. त्याशिवाय काही खास कायदे वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार थेट देतात, अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा त्यातलाच. निव्वळ लायसन्स तपासायचा अधिकार म्हणजे मात्र सीट उचकटायचा अधिकार नव्हे.

मग करायचं काय? शांतपणे विचारा, "साहेब, कशासाठी तपासताय?" आणि तपासू द्या. अडवू नका, पण स्वतः गाडीपाशी उभे राहा, म्हणजे काय निघालं आणि कुठून निघालं ते तुमच्या डोळ्यांसमोर होईल.

संहितेप्रमाणे झडती-जप्तीची कारवाई असेल तर कलम १०५ प्रमाणे तिचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग व्हायला हवं, शक्यतो मोबाईलवरच. जप्त मालाची यादी आणि पंचांच्या सह्यासुद्धा त्या रेकॉर्डिंगमध्ये आल्या पाहिजेत, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेलं पाहिजे. कलम १०३ प्रमाणे त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत आणि यादीची प्रत ज्याच्याकडे झडती झाली त्याला मिळायला हवी. ती प्रत मागा.

सहीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या घरांमध्ये ही अडचण खरी आहे. पंचनामा मराठीत असतो. उर्दू माध्यमात शिकलेल्या कितीतरी जणांना, विशेषतः मोठ्या वयाच्या खाला-फुफींना, हाताने लिहिलेली मराठी वाचता येत नाही. "सही कर, काही नाही" म्हटलं की करून मोकळ्या होतात. वाचता येत नसेल तर "वाचून दाखवा" म्हणा. सही आपण रोज ज्या लिपीत करतो त्याच लिपीत करा, उर्दूत करत असाल तर उर्दूत. शेजारी तारीख आणि वेळ टाका. कोऱ्या कागदावर किंवा अर्ध्या भरलेल्या पानावर सही करू नका. आणि जे कलम सांगतं ते लक्षात ठेवा : पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते (कलम १८१). पंचनाम्यावर सही असते, जबाबावर नसते.

बाईची अंगझडती फक्त बाईच घेईल, मर्यादा सांभाळून. हे कायद्यातच आहे. नकाब असेल आणि चेहरा ओळखायचा असेल तर महिला पोलिसांसमोर बाजूला करू द्या अशी विनंती करा. नाकाबंदीत महिला पोलीस नसतील तर त्यांना बोलवायला सांगा. अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती होत असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क आहे (त्या कायद्याचं कलम ५०), आणि हा हक्क आधी सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तो शरीराच्या झडतीपुरता आहे, बॅग किंवा गाडीला लागू होत नाही.

झडतीत नियम मोडले तर सापडलेला पुरावा आपोआप बाद होतो असं समजू नका, आपली कोर्टं तसं मानत नाहीत. पण नियम मोडल्याची नोंद असेल तर वकिलाला उलटतपासणीत बोलायला जागा मिळते.

मोबाईलचंही तसंच. नाकाबंदीत उभ्या उभ्या फोन अनलॉक करून व्हॉट्सअॅप चाळायचा अधिकार मोटार वाहन कायदा देत नाही. तपासासाठी फोन जप्त करायचा असेल तर पंचनामा करून, त्यात आयएमईआय नंबर लिहून घेतला पाहिजे. पासवर्ड देण्याआधी वकिलाशी बोलू द्या, एवढंच म्हणा.

आपण शूटिंग करू शकतो का? सार्वजनिक रस्त्यावर कामात आडवं न येता केलं तर करू शकतो. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलं की पोलीस ठाणं हे सरकारी गुपिते कायद्यातलं "निषिद्ध ठिकाण" नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढणं त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. तरी एक सल्ला. नाकाबंदीत लाइव्ह जाऊ नका, व्हिडिओ स्वतःजवळ ठेवा.

गाडी पोलिसांनी नाही, भलत्यांनीच अडवली तर

हा प्रश्न कुरेशी बिरादरीला रोजचा आहे. २०२५ मध्ये याच जाचाला कंटाळून त्यांनी राज्यात जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली होती. महाराष्ट्र पशु संरक्षण कायदा कडक आहे. ४ मार्च २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. तो मोडायचा सल्ला इथे कुणी देत नाही. पण त्या कायद्यातही वाहन तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला आणि सरकारने अधिकृत केलेल्या व्यक्तीला आहे. गळ्यात गमछा घालून हायवेवर उभ्या असलेल्या पोरांना नाही.

खासगी व्यक्तीला अटकेचा अधिकार अगदी मर्यादित आहे. तिच्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तरच, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं (कलम ४०). तेव्हा काच वर, दरवाजे लॉक, ११२ ला फोन. "पोलीस येऊ दे, त्यांना सगळं दाखवतो" हे वाक्य पुरेसं आहे. खाटीक बाजाराची पावती, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, वाहतुकीचे कागद गाडीतच असू द्यात. जमावाच्या हिंसेबद्दल सुप्रीम कोर्टाने १७ जुलै २०१८ ला प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. आपल्यासाठी ते कार्यालय अलिबागला.

चौकशीला बोलावलं

फोन आला, "उद्या अकराला ठाण्यात या." पहिला प्रश्न : साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून?

साक्षीदार असाल तर कलम १७९ खाली लेखी आदेश येतो. पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या वरचे पुरुष, कुठल्याही वयाची स्त्री, दिव्यांग आणि गंभीर आजारी माणूस यांना राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहण्याची सक्ती नाही. म्हणजे अम्मीला, भाभीला, आपाला जबाबासाठी ठाण्यात न्यायची गरज नाही, पोलिसांनी घरी यावं. त्या स्वखुशीने जात असतील तर गोष्ट वेगळी. हा नियम बहुतेक घरांत ठाऊकच नसतो. "मोठ्या साहेबांनी बोलावलंय" म्हटलं की सगळं घर रिक्षात बसून जातं.

आरोपी किंवा संशयित असाल आणि अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस येते. ती हातात कागदावर यायला हवी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. नोटीस आली तर दुर्लक्ष मुळीच करू नका. हजर राहिलात तर त्या गुन्ह्यात अटक करायला लेखी कारण द्यावं लागतं, टाळलंत तर तेच अटकेचं कारण होतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, हे कोर्टाने २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात बजावलेलं आहे.

उत्तरं किती द्यायची? नाव-पत्ता खरा सांगा. जे विचारलं त्याचं खरं उत्तर द्या. पण ज्या उत्तराने आपल्यावरच आरोप येईल ते देण्याची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये हे आहे आणि चौकशीच्या टप्प्यावरही लागू आहे, हे १९७८ च्या नंदिनी सत्पथी प्रकरणात ठरलं. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या. म्हणजे एवढ्या मोठ्या बाईंनाही हा प्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात जावं लागलं! खोटं बोलू नका, "याचं उत्तर वकिलांशी बोलून देतो" म्हणा. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही (साक्ष अधिनियम, कलम २३), पण कबुलीतून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. आणि नार्को किंवा लाय डिटेक्टर चाचणी संमतीशिवाय करता येत नाही (सेल्वी प्रकरण, २०१०).

बसवून ठेवलं तर एकच प्रश्न, आवाज न चढवता : "साहेब, मला अटक केली आहे का, की मी जाऊ शकतो?" माझ्या विद्यार्थ्याने हा प्रश्न नऊ तासांत एकदाही विचारला नव्हता. मी त्याला दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

अटक झाली तर

अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट हवं. अटकेचा मेमो तयार होतो, त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही (कलम ३६). नातेवाईक किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम ४८). चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्णवेळ शेजारी बसवता येत नाही (कलम ३८). वैद्यकीय तपासणी होते, तेव्हा अंगावरच्या खुणा डॉक्टरांना दाखवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं.

अटकेची कारणं लेखी द्यावीत की तोंडी, यावर बराच वाद होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या हिट अँड रन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला : गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी कोर्टात नेण्याच्या दोन तास आधी तरी कागद हातात पडला पाहिजे. "समजणारी भाषा" हे शब्द आपल्यासाठी फार मोलाचे आहेत.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊनच करता येते. साठीच्या वरचा किंवा आजाराने खंगलेला माणूस असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. त्याला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं, पालकांना कळवायचं, २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. बेडी घालायची नाही. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखल्याची प्रत घरात हाताशी ठेवा. "दिसायला मोठा वाटला" हे ऐकून घ्यावं लागू नये म्हणून.

कागद असला की सगळं ठीक होतं, असं मात्र नाही. परभणीचा ख्वाजा युनूस हा २७ वर्षांचा इंजिनिअर, दुबईत नोकरीला होता. घाटकोपर बसस्फोटाच्या प्रकरणात २५ डिसेंबर २००२ ला त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी कागदावर लिहिलं की औरंगाबादकडे नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सोबतच्या एका आरोपीने कोठडीत त्याला मारहाण होताना पाहिल्याचं सांगितलं. घरचे हायकोर्टात गेले, सीआयडी तपास झाला, अपघाताची गोष्ट बनावट निघाली आणि चार पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. त्या स्फोटाच्या खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. हायकोर्टाने २० लाखांची भरपाई द्यायला लावली, पण आईला मुलाची मय्यतसुद्धा मिळाली नाही. तेव्हा कागद दोन्ही बाजूंना हवा. कुणाला कधी, कुठून, कोणत्या गाडीतून नेलं हे घरच्यांनी त्याच दिवशी लिहून पोलीस अधीक्षकांना ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवावं. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचा अर्जही लगेच द्यावा. हे कॅमेरे सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाने बंधनकारक आहेत.

मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर तोंडाने सांगा. घाबरून "काही नाही" म्हणालात तर तेच लिहिलं जातं. पत्रकार शीला बरसे यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राला आदेश दिला, की मॅजिस्ट्रेटने प्रत्येक अटक झालेल्याला छळाबद्दल विचारावं, महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी आणि अटक होताच कायदेशीर मदत समितीला कळवावं.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला, बाईला आणि मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

गाडीच अडकली तर

टेम्पो, रिक्षा जप्त झाली की घराची चूल थंडावते. ठाण्याच्या आवारात गाड्या गंजत पडलेल्या आपण पाहतोच. सुंदरभाई देसाई प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलं की जप्त वाहनं ठाण्यात पडून ठेवण्यात अर्थ नाही, फोटो आणि पंचनामा करून योग्य हमीवर मालकाला परत द्यावीत. त्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे सुपुर्दनाम्याचा अर्ज करायचा असतो. सोबत आरसी, इन्शुरन्स, आधार आणि जप्तीच्या पंचनाम्याची प्रत लावायची. इन्शुरन्स संपलेला असेल तर अर्जाआधी नवा काढा, बहुतेक वेळा अर्ज तिथेच अडतो. आरसी जुन्या मालकाच्या नावावर असेल तर त्यालाच कोर्टात यावं लागतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर नाव बदलून घ्यायचं काम याच आठवड्यात करा.